पाय कुठला, काम कुठले : प्रस्तावना

संगणकावर सर्किट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला रेग्युलेटर कळत नाही, रिले कळत नाही, डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने का जातो हेही कळत नाही. पडद्यावरचे त्रिकोण, गोल आणि चौकोन माणसाच्या डोळ्यांसाठी असतात. सॉफ्टवेअर वाचते त्या आकृतीच्या कडेच्या पिना : पिनेचा क्रमांक, तिचे नाव, तिचा विद्युत प्रकार आणि तिचे टोक शीटवर नेमके कुठे आहे ते. या चार नोंदींवरून नेटलिस्ट, म्हणजे कोणती पिन कोणत्या पिनेला जोडली याची यादी, तयार होते, नेटलिस्टवरून बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा ठरतात. आकृती कितीही सुबक असली आणि एका पिनेचा क्रमांक चुकला, तर बोर्ड चुकीचाच तयार होतो आणि सॉफ्टवेअर त्याला हरकत घेत नाही. हे पुस्तक त्या चार नोंदींविषयी आहे.

अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत हा विषय अर्ध्या पानात उरकला जातो. चिन्ह निवडा, शीटवर ठेवा, वायरने जोडा, फुटप्रिंट (बोर्डावर पाय बसायची जागा) लावा, पुढे चला. लायब्ररीत तयार चिन्ह मिळते तोवर हे चालतेही. पण प्रकल्पाला लागणारा एखादा सेन्सर किंवा बाजारात मिळालेला रिले लायब्ररीत नसतो. मग चिन्ह स्वतः करावे लागते, पिनेचे गुणधर्म भरायची खिडकी उघडते आणि तिच्यातल्या रकान्यांपुढे विद्यार्थी थबकतो. बहुतेक जण नाव आणि क्रमांक भरतात, बाकीचे जसे आहे तसे सोडून देतात. सातबाऱ्यावर चुकीची नोंद लागली की जमीन डोळ्यांपुढे असूनही व्यवहार नोंदीप्रमाणेच होतात. पिनेच्या रकान्यांचेही तसेच आहे. पुढची सगळी कामे त्या नोंदीवर विसंबून होतात.

क्रमांकापासून सुरुवात करू, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त बोर्ड याच रकान्यापायी वाया जातात. बीसी ५४७ हा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेतला ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुकानात तो संपलेला असला की दुकानदार २२२२ काढून देतो. प्लास्टिकच्या आवरणातला पीएन२२२२ए तसाच धरला तर क्रम उलटा निघतो : एमिटर, बेस, कलेक्टर. आणि पी२एन२२२२ए या जवळपास त्याच नावाच्या ट्रान्झिस्टरचा क्रम पुन्हा बीसी ५४७ सारखा. मधला पाय तिन्हींत बेसचाच असल्याने चूक लगेच उघडी पडत नाही. एमिटर आणि कलेक्टर अदलाबदल झालेला ट्रान्झिस्टर अजिबात चालत नाही असेही नाही. तो अर्धवट चालतो. गेन अगदी कमी मिळतो, आणि १२ व्होल्टचा रिले जोडलेला असेल तर बेस-एमिटर जोडाची सहा व्होल्टच्या आसपासची उलट दाब सोसण्याची मर्यादा ओलांडली जाते. विद्यार्थी मग रेझिस्टर बदलत बसतो, रिले बदलतो, प्रोग्रॅम तपासतो. दोष मात्र चिन्हाच्या पहिल्या आणि तिसऱ्या पिनेत असतो. कीकॅड या सर्किट काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत एकाच एनपीएन ट्रान्झिस्टरसाठी बीसीई, ईबीसी, सीबीई अशी अक्षरे लावलेली वेगवेगळी चिन्हे ठेवावी लागली, ती यामुळेच. सगळ्यांचे चित्र एक, फक्त क्रमांक निराळे.

रेग्युलेटरची गोष्ट याहून धोक्याची. ७८०५ ची पहिली पिन इनपुट, दुसरी ग्राउंड, तिसरी आउटपुट. ऋण दाबाच्या ७९०५ ची पहिली ग्राउंड, दुसरी इनपुट, तिसरी आउटपुट. एलएम३१७ ची पहिली ॲडजस्ट, दुसरी आउटपुट, तिसरी इनपुट. तिघांचे आवरण तेच, पाय तीनच. मागच्या धातूच्या पट्टीला मधल्या पिनेचीच जोडणी असते, म्हणून तीही तिघांत वेगळी : एकात ग्राउंड, दुसऱ्यात इनपुट, तिसऱ्यात आउटपुट. एकाच हीटसिंकवर हे तिघे अभ्रकाच्या चकतीशिवाय बसवले, तर शॉर्टसर्किट अटळ आहे. ही माहिती चिन्हाच्या त्रिकोणात किंवा चौकोनात कुठेच नसते. ती डेटाशीटमध्ये असते आणि तिथून ती पिनेच्या रकान्यात माणसालाच आणावी लागते.

आयसीचे पाय मोजायची रीत सर्वांना शिकवली जाते : खाच वर धरा, डावीकडच्या वरच्या पायापासून खाली या, तळाशी पोचलात की उजवीकडून वर चढा, म्हणजे वरून पाहताना घड्याळाच्या उलट. रेडिओच्या काळातल्या व्हॉल्व्हचे पाय बुडाकडून पाहत घड्याळाच्या दिशेने मोजत. दोन्ही रीती वेगळ्या वाटतात, पण बुडाकडून घड्याळाच्या दिशेने म्हणजे वरून घड्याळाच्या उलट; दिशा एकच आहे, बदलली ती पाहणाऱ्याची जागा. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर सोल्डरच्या बाजूने पाहत, आपण घटकांच्या बाजूने पाहतो. कुठल्या बाजूने पाहतो आहोत हे न लिहिता पिनांचे चित्र काढू नये, हा नियम मी या पुस्तकात जागोजागी पाळलेला दिसेल.

कनेक्टरमध्ये ही रीत मोडते. दहा पायांच्या एफआरसी कनेक्टरमध्ये विषम क्रमांक एका रांगेत आणि सम क्रमांक दुसऱ्या रांगेत असतात : १ च्या समोर २, ३ च्या समोर ४. तेच दहा पाय आयसीच्या रीतीने मोजले तर १ च्या समोर १० येतो. दोन रांगांच्या बर्ग स्ट्रिपसाठी कीकॅडमध्ये म्हणूनच निरनिराळ्या क्रमांकनाची चिन्हे आहेत. त्यातले चुकीचे उचलले की केबलमधली जवळजवळ प्रत्येक तार दुसऱ्याच कामाला लागते. रिलिमेट कनेक्टरला तर तारेच्या बाजूने पाहता की सॉकेटच्या, यावर पहिली पिन डावी की उजवी हे ठरते.

दुसरी नोंद नावाची. पिनेचे नाव ही सोय आहे असे वाटते, पण मायक्रोकंट्रोलर आल्यापासून ते फार महत्त्वाचे झाले आहे. आर्डुइनो उनोवर ज्याला आपण १३ क्रमांकाची पिन म्हणतो, ती एटीमेगा ३२८पी या आयसीची पीबी५ पिन. तीच एसपीआय जोडणीत घड्याळाचा संकेत, म्हणजे एससीके, वाहते. अठ्ठावीस पायांच्या लांबट आवरणात तिचा क्रमांक १९, आणि बत्तीस पायांच्या चौकोनी टीक्यूएफपी आवरणात १७. एकाच पिनेला अशी तीन नावे, आणि आवरणानुसार क्रमांक वेगळा. चिन्हावर यातले काय लिहायचे, हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. पुढे बोर्ड तपासणारा माणूस त्यावरूनच वाचणार असतो. कीकॅडच्या सहाव्या आवृत्तीपासून एका पिनेला पर्यायी नावे देता येतात आणि शीटवर त्यातले चालू काम निवडता येते. ही सोय आपल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वापरावी.

तिसरी नोंद विद्युत प्रकाराची. या पुस्तकातली सर्वांत जास्त पाने तिने घेतली आहेत. कीकॅडमध्ये बारा प्रकार आहेत : इनपुट, आउटपुट, बायडायरेक्शनल, ट्राय-स्टेट, पॅसिव्ह, फ्री, अनस्पेसिफाइड, पॉवर इनपुट, पॉवर आउटपुट, ओपन कलेक्टर, ओपन एमिटर आणि अनकनेक्टेड. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे थोडी बदलतात, विचार तोच असतो. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. एलएम३५८ आणि एलएम३९३ या आठ पायांच्या दोन आयसी. पहिली ऑप-ॲम्प, दुसरी कम्पॅरेटर. दोन्हींच्या आठही पिनांची नावे आणि क्रमांक सारखेच आहेत. विहिरीतल्या पाण्याची पातळी पाहून पंप चालू-बंद करणाऱ्या सर्किटात एकीच्या सॉकेटात दुसरी सहज बसते. फरक पिनेच्या प्रकारात आहे. एलएम३५८ ची आउटपुट पिन दाब वरही ओढते आणि खालीही. एलएम३९३ ची आउटपुट पिन ओपन कलेक्टर आहे; ती फक्त खाली ओढते, वर ओढायला बाहेरून पुलअप रेझिस्टर द्यावा लागतो. तो दिला नाही तर पुढचा ट्रान्झिस्टर कधीच चालू होत नाही. चिन्हावर दोन्हींची पिन ‘आउटपुट’ लिहून टाकली, की कागदावर हा फरक पुसला जातो. आणखी एक : एलएम३९३ ची दोन आउटपुट एकमेकांना जोडणे योग्य आहे, एलएम३५८ ची जोडणे हा घोटाळा आहे. प्रकार खरा भरला असेल तर सॉफ्टवेअरची विद्युत-नियम तपासणी, जिला सगळे ईआरसी म्हणतात, पहिल्याला जाऊ देते आणि दुसऱ्याला अडवते.

दुसरे उदाहरण ईएसपी३२ चे. या चिपच्या ३४ ते ३९ क्रमांकांच्या जीपीआयओ पिना फक्त इनपुट आहेत. त्यांवर एलईडी किंवा रिलेचा ट्रान्झिस्टर जोडला तर कोणताही प्रोग्रॅम तो चालवू शकत नाही. चिन्हात सगळ्या जीपीआयओ सरसकट बायडायरेक्शनल लिहिल्या की ही मर्यादा डेटाशीटच्या पानातच राहते.

याच ठिकाणी विद्यार्थी सर्वांत जास्त वैतागतात हेही सांगायला हवे. बॅटरीची जोडणी कनेक्टरवरून येते. कनेक्टरच्या पिना पॅसिव्ह असतात. आयसीची पुरवठ्याची पिन पॉवर इनपुट असते. तपासणी म्हणते, या पॉवर इनपुटला पुरवठा करणारी पिन कुठेच दिसत नाही. सर्किट तर बरोबर आहे! मग काही जण पिनेचा प्रकार बदलून पॅसिव्ह करतात आणि सूचना गायब होते. हा मार्ग चुकीचा आहे. सॉफ्टवेअरला वीज कुठून येते हे खरोखरच माहीत नाही. ते सांगण्यासाठी पॉवर फ्लॅग नावाचे चिन्ह दिलेले आहे, ते त्या नेटवर लावायचे. सूचना बंद करण्यासाठी पिनेची नोंद खोटी केली, तर पुढे खरोखर पुरवठा तुटलेला असेल त्या दिवशीही सूचना येणार नाही.

चौथी नोंद जागेची. पिनेचे जोडायचे टोक ग्रिडवर असावे लागते. कीकॅडमध्ये चिन्हांसाठी ५० मिल, म्हणजे १.२७ मिलिमीटरचे ग्रिड वापरायची रीत आहे. टोक ग्रिडपासून जरा सरकले की वायर लागल्यासारखी दिसते, पण लागलेली नसते. पिन उलटी बसवली तर जोडायचे टोक चिन्हाच्या आत जाते. एवढे सांभाळले की या नोंदीत फार काही उरत नाही.

ही सगळी व्यवस्था आली कुठून? आयसी दोन रांगांच्या आवरणात १९६० च्या दशकाच्या मध्यात आल्या. तेव्हा सर्किटे कागदावर काढली जात, आणि बोर्डाचा आराखडा पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून, मूळ आकाराच्या दुप्पट किंवा चौपट करून, नंतर छायाचित्राने लहान केला जाई. पिन कुठली हे आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात असे. १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस हे सर्किटाचे गणित सोडवणारे सॉफ्टवेअर केले. स्पाइसमध्ये पिनेला नावही नसते आणि क्रमांकही नसतो. तिथे चालतो फक्त क्रम : ट्रान्झिस्टरसाठी कलेक्टर, बेस, एमिटर, मॉसफेटसाठी ड्रेन, गेट, सोर्स, बल्क, डायोडसाठी ॲनोड, कॅथोड. हा क्रम आणि आयसीच्या पायांचा क्रमांक यांत मेळ घालणे हे तेव्हापासूनचे काम आजही संपलेले नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी, मेंटर आणि व्हॅलिड या कंपन्यांनी वर्कस्टेशनवर चिन्हे ठेवून सर्किट काढण्याची सोय केली. ती मोठ्या कारखान्यांच्या आवाक्यातली होती. १९८५ मध्ये अमेरिकेत ओरकॅड आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात प्रोटेल सुरू झाले, १९८८ मध्ये जर्मनीत ईगल आले, आणि काम साध्या पीसीवर उतरले. प्रोटेल पुढे अल्टियम झाले. १९९२ मध्ये ग्रेनोबलमधले शिक्षक-संशोधक ज्याँ-पियेर शारास यांनी कीकॅड लिहायला घेतले. १९९८ मध्ये अलेस ह्वेझ्दा यांनी जीईडीए हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्यात पिनेचा क्रमांक आणि पिनेचा अनुक्रम हे दोन वेगळे रकाने होते. स्पाइसचा क्रम आणि आयसीचे पाय यांच्यातला जुना पेच त्यांनी इतक्या सरळपणे मांडला होता, की आजही मी विद्यार्थ्यांना तेच दोन रकाने फळ्यावर काढून दाखवतो. २०१३ पासून युरोपातली सर्न ही अणुसंशोधन संस्था कीकॅडच्या विकासात उतरली आणि त्यानंतर त्याचे रूप पालटले. दरम्यान ईगल ऑटोडेस्ककडे गेले आणि ते जून २०२६ पासून बंद करण्याची घोषणा कंपनीने केली. एका पिढीने ज्याच्या मेन्यू पाठ केल्या ते सॉफ्टवेअर असे संपते. पिनेची चार अंगे मात्र ओरकॅडपासून कीकॅडपर्यंत तीच राहिली आहेत, म्हणून या पुस्तकात मेन्यूंपेक्षा त्या अंगांवर भर आहे.

पिना कशा मांडाव्यात यावर जाणकारांत तट आहेत, आणि नवशिक्याने ते आधीच माहीत करून घेतलेले बरे. एक तट म्हणतो, चिन्ह आयसीसारखेच दिसावे : एकच्या खाली दोन, त्याखाली तीन. बोर्ड हातात घेऊन दुरुस्ती करणाऱ्याला हे सोपे पडते. दुसरा तट म्हणतो, चिन्ह कामाप्रमाणे मांडावे : इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे, पुरवठा वर, ग्राउंड खाली. मी दुसऱ्या तटाचा आहे. सर्किट समजण्यासाठी काढायचे असते. पाय मोजायला बोर्डाचा आराखडा आहेच. झिरो पीसीबीवर तारा सोल्डर करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मात्र पहिली मांडणी योग्य आहे, आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या सर्किटांत तीच ठेवली आहे.

दुसरा वाद पुरवठ्याच्या पिना दाखवाव्या की लपवाव्या याचा. जुन्या लायब्ऱ्यांत लॉजिक आयसीच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिना लपवलेल्या असत, आणि लपलेली पॉवर इनपुट पिन आपल्या नावाच्या नेटला आपोआप जोडली जाई. सगळे काही पाच व्होल्टवर चालत होते तेव्हा यात अडचण नव्हती. आज ईएसपी३२ ला ३.३ व्होल्ट लागतात, रिलेच्या बाजूला पाच. दोन्ही बाजूंच्या आयसींच्या लपलेल्या पिनांचे नाव व्हीसीसी असले तर शीटवर काहीही न दिसता ३.३ आणि ५ व्होल्ट एकमेकांना भिडतात. या वादात मला मधली वाट दिसत नाही : पुरवठ्याच्या पिना दिसल्याच पाहिजेत.

तिसरा वाद चिन्ह आणि फुटप्रिंट यांच्या लग्नाचा. कीकॅडची जुनी रीत अशी की चिन्ह सर्वसाधारण ठेवायचे आणि फुटप्रिंट नंतर जोडायचा. मोठ्या कंपन्यांत प्रत्येक खरेदी-क्रमांकासाठी चिन्ह, फुटप्रिंट, उत्पादक सगळे बांधलेला एकच भाग ठेवतात. पहिल्यात मोकळीक आहे आणि चूक व्हायला जागा आहे; दुसऱ्यात सुरक्षितता आहे पण लायब्ररी सांभाळायला माणसे लागतात. लहान गटासाठी मी सुचवतो ते असे : रेझिस्टर-कपॅसिटर सर्वसाधारण ठेवावेत, पण ट्रान्झिस्टर, रेग्युलेटर, रिले आणि कनेक्टर नेहमी बांधलेलेच ठेवावेत. पाय उलटे पडण्याचा धोका याच चौघांत आहे.

आपल्या राज्यात या विषयावर झालेले सर्वांत मोठे काम मुंबईच्या आयआयटीतले आहे. तिथे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या फॉसी प्रकल्पात कीकॅड आणि स्पाइसवर आधारलेले एनजीस्पाइस एकत्र बांधून एक मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. आधी त्याचे नाव ओस्कॅड होते, २०१३ मध्ये त्यावर पुस्तकही निघाले. आता ते ईसिम या नावाने चालते. त्यात सर्किट काढता येते, त्याचे गणित तपासता येते आणि तिथूनच बोर्डाकडे जाता येते. म्हणजे वर सांगितलेला पेच इथे समोरासमोर येतो : एकच चिन्ह स्पाइसलाही कळले पाहिजे आणि बोर्डालाही. बोर्डासाठी पायांचा क्रमांक बरोबर आणि स्पाइससाठी क्रम चुकीचा असला, तर पडद्यावरचे ट्रान्झिस्टरचे आलेख निरर्थक येतात. एखाद्या आयसीचे उपसर्किट तयार करताना पोर्टांचा क्रम चिन्हाच्या पिनांशी जुळला नाही, की इनपुटचा संकेत पुरवठ्यावर जाऊन बसतो. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोटे दृक्श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. इंटरनेट संथ असलेल्या गावातही ते उतरवून पाहता येतात. हे पुस्तक त्या पाठांना पर्याय म्हणून लिहिलेले नाही. पाठात जी खिडकी काही सेकंद दिसून जाते, तिच्यावर इथे सावकाश थांबता येईल.

आणि आता या पुस्तकातली उदाहरणे जिथल्या किनाऱ्यावरची आहेत, तो सिंधुदुर्ग. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा कारखाना शोधून सापडणार नाही. मालवणजवळ कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन आहे, सावंतवाडीला आणि कणकवलीजवळ हरकुळ बुद्रुकला तंत्रशिक्षणाची महाविद्यालये आहेत. तिथून निघालेली मुले पुण्या-मुंबईला जातात किंवा गोव्यातल्या कारखान्यांत. इथे राहतात त्यांच्यापुढे काम नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या आणि ट्रॉलर किनाऱ्याला ओढले जातात, तेव्हा त्यांच्यावरची फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस, बॅटरी चार्जिंगची उपकरणे उतरवून तपासली जातात. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. होडीच्या तळात पाणी साठले की तांडेलाला आवाज देणारा साधा अलार्म, विहिरीवरच्या पंपाचा पातळी-नियंत्रक, बर्फाच्या पेटीतले तापमान नोंदणारे यंत्र, वीज आली-गेली की पंप सुरक्षित ठेवणारा रिले : ही सगळी आपल्याच किनाऱ्याची गरज आहे आणि ती दोन-तीन आयसींत भागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली तेव्हा बॅटरीवर काय किती वेळ चालते, हे घराघरांत मोजले गेले.

अशा ठिकाणी पिनेची चूक महागात पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दुकानांत शिरून दुसरा ट्रान्झिस्टर लगेच आणता येतो. मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. बोर्ड बाहेरून करून मागवला तर तो कुरिअरने येतो. फेरिक क्लोराइडमध्ये घरी केला तर एक सुटी त्यात जाते. रेग्युलेटरचे पाय उलटे निघाले, की वाट कापून जंपर तार लावणे एवढाच उपाय उरतो. त्या तारेवर मीठ बसते आणि पुढच्या हंगामात तीच तुटते. म्हणून बोर्ड करण्याआधी चिन्ह तपासण्याची शिस्त इथे शहरापेक्षा जास्त कामाची आहे. ती फुकट आहे. तिला लागतात डेटाशीट, मल्टीमीटर आणि शेजारी बसलेला दुसरा माणूस : एकाने डेटाशीटमधून क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने चिन्हावर बोट ठेवायचे.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तरही द्यायला हवे. देशात चिप बनवण्याच्या मोठ्या योजना चालू आहेत, महाविद्यालयांना महागडी सॉफ्टवेअरे मिळू लागली आहेत. ते चांगलेच आहे. पण पदविकेच्या विद्यार्थ्याच्या हातात जे काम आज येऊ शकते, ते बोर्डाचे. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर आता पूर्ण मोफत आहे, चोरून वापरण्याची गरज संपली आहे. उणीव आहे ती मराठीतून सविस्तर समजावून सांगण्याची. इंग्रजीत विषय कळला नाही म्हणून नव्हे, तर प्रत्येक पायरीचे कारण कोणी सांगितले नाही म्हणून मुले मागे पडतात, आणि कारणे आपल्या भाषेत लवकर पटतात.

पुस्तकाची भाषा ठरवताना प्रयोगशाळेत बोलली जाते तीच ठेवली. पिन, पाय, सोल्डर, बोर्ड, नेट, फुटप्रिंट हे शब्द बदललेले नाहीत. नवे पारिभाषिक शब्द घडवून वाचकाला दोन भाषांचे ओझे द्यायचे नव्हते. प्रत्येक चिन्हासोबत डेटाशीटमधल्या कुठल्या तक्त्यावरून कोणती नोंद आली ते दाखवले आहे. उदाहरणे किनाऱ्यावरच्या उपकरणांतून घेतली आहेत आणि घटक साध्या दुकानात मिळणारेच निवडले आहेत. अतिवेगवान संकेत, अनेक थरांचे बोर्ड, चिपच्या आतली रचना हे विषय इथे नाहीत. एफपीजीएच्या पिनांची वाटणी फक्त ओळखीपुरती आली आहे. हे पुस्तक वाचून कोणी मोठा आराखडाकार होणार नाही. पण कोणताही अनोळखी घटक हातात आला तर त्याचे खरे, तपासलेले चिन्ह वाचकाला स्वतः करता आले पाहिजे, एवढी अपेक्षा मी ठेवली आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. प्रकल्पाचे गुण देताना फक्त चालणारा बोर्ड पाहू नका. विद्यार्थ्याने स्वतः केलेले एक तरी चिन्ह मागा आणि त्यातल्या प्रत्येक पिनेचा प्रकार त्याने का निवडला ते विचारा. आणि वाचकांना : पहिले प्रकरण उघडण्याआधी घरात किंवा प्रयोगशाळेत पडलेली कोणतीही एक आयसी घ्या, तिच्यावरचा पूर्ण क्रमांक उत्पादकाच्या अक्षरांसह उतरवून घ्या आणि त्याच उत्पादकाची डेटाशीट मिळवा. पहिला अभ्यास तिच्यावरच आहे.